सही न झालेला ठराव

आठवीच्या एकतीस मुलांपैकी सव्वीस जणांची संमतीपत्रं आली होती. शाळेच्या प्रिंटरची शाई कधीच वाळून गेली होती, म्हणून मी एक मजकूर फळ्यावर लिहून ठेवला होता आणि मुलांना सांगितलं होतं, येऊन पाहून जा, कोऱ्या कागदावर उतरवा आणि घरच्यांची सही आणा. त्या गठ्ठ्यात एक कागद होता वहीतून फाडलेला, कडेला दोऱ्याची भोकं. त्यावर लिहिलं होतं, ‘मी माझ मुलाला शळत पाठवयला तयर आहे.’ खाली आईचा निळा अंगठा.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. हा मुलगा पाचवीत असताना रोज परिपाठाला फळ्यावर दिनविशेष लिहायचा. अक्षर टपोरं, रेघ न आखता ओळ सरळ. आता आठवीत होता आणि समोर पाहून लिहितानासुद्धा त्याचे काने गळत होते.

तो मंगळवार होता, १३ जुलै २०२१. बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात पहिली ते आठवीची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथं प्रभारी मुख्याध्यापक होते. गावाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही, कारण त्या दिवशी जे बोलणं झालं ते माणसं मनातलं बोलली होती.

दुपारी तीनला ग्रामपंचायतीत बैठक होती. कोरोनामुळे बंद असलेल्या शाळांसाठी ७ जुलैला शासन निर्णय निघाला होता. गावात किमान महिनाभर एकही नवा रुग्ण नसेल, तर ग्रामपंचायतीनं पालकांशी बोलून ठराव करायचा आणि १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग भरवायचे. सरपंच समितीचे अध्यक्ष. तलाठी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि मी, असे सगळे त्यात. आमच्या गावातला शेवटचा रुग्ण ९ जूनचा होता. महिना उलटून चार दिवस झाले होते.

मी ही बैठक इतकी का धरून बसले होते, ते आमच्या भागाबाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. आमच्या आठवीतल्या एकतीस मुलांपैकी एकोणीस ऊसतोड्यांची. आईबाप कोयत्याचे. म्हणजे नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर कर्नाटकात जाते. घरी म्हातारं माणूस असेल तर लेकरू मागे राहतं, हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथं जेवतं. नसेल तर तेही टायरगाडीवर. तिकडे कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, धाकटं भावंडं सांभाळायचं, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करायचे. परत येणं थेट एप्रिलमध्ये. या मुलांची शाळा खरी भरते ती जून ते दसरा. जेमतेम चार महिने.

आता या कागदावाल्या मुलाचा हिशोब मांडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, सहावीत, दिवाळीला तो टोळीबरोबर गेला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो कारखान्यावर होता. टाळेबंदीत तिथंच अडकला. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं तपासणी करून ऊसतोड मजुरांना घरी सोडलं, सव्वा लाखाहून जास्त माणसं तेव्हा गावोगावी परतली. गावानं आमच्याकडच्यांना शाळेतच ठेवलं. म्हणजे तो चौदा रात्री सहावीच्या वर्गातच झोपला, फळा भिंतीवर, आणि आम्ही शिक्षक व्हरांड्यात थर्मल गन घेऊन उभे. जून ते दसरा २०२०, शाळा बंद. नंतर तो पुन्हा ऊसतोडीला. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावी सुरू झाली, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. तेव्हा आमच्या सातवीच्या वर्गात मोजून अकरा मुलं होती, बाकीची उसाच्या फडात. मार्चमध्ये दुसऱ्या लाटेनं पुन्हा कुलूप. एप्रिलमध्ये तो परतला.

पावणेदोन वर्षांत शाळा उघडली होती, आणि तरीही त्याच्यासाठी एक दिवससुद्धा उघडली नव्हती.

ऑनलाइनचं म्हणाल तर आठवीच्या एकतीस घरांत नऊ मोठे फोन होते. त्यातले सहा दिवसभर बापाच्या खिशात, शेतावर नाहीतर रोजंदारीवर. रेंज यायला टेकडीवरच्या मारुतीपाशी जावं लागायचं. सह्याद्री वाहिनीवरचे धडे चांगले होते, पण वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ज्याँ द्रेज, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ८ टक्के, आणि अजिबात काहीच शिकत नसलेली ३७ टक्के. तो अहवाल मी नंतर वाचला. वाचताना मला आमचाच हजेरीपट दिसत होता.

सकाळी आम्ही तिघं शिक्षक वर्ग लावत होतो. एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट अंतर, असा नियम. टेप नव्हता, तर सरांनी विहिरीच्या दोरीला सहा फुटांवर गाठ मारली. सोळा बाय वीसच्या खोलीत त्या हिशोबानं सहाच बाक बसले. सव्वीस मुलांना पाच खोल्या. पहिली ते सातवी बंदच असल्यानं खोल्यांची अडचण नव्हती. खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्यांना तेल घातलं. कोपऱ्यात चिमण्यांनी केलेलं घरटं सरांनी काढलं नाही, म्हणाले, खिडकी तशीही बंद करायची नाही.

दोरी धरून उभी असताना गेटपाशी एक लहान मुलगी दिसली. फ्रॉकवर शाळेचा शर्ट, शर्ट गुडघ्यापर्यंत. ती दुसरीतली होती. जून २०२० मध्ये मीच तिचं नाव पहिलीत घातलं होतं, तिच्या ओसरीत बसून, जन्मतारीख आधार कार्डावरून लिहून घेत. वर्षभर तिला तांदूळ आणि हरभरा पोहोचला, पुस्तकं पोहोचली, वर्ष संपलं तेव्हा ती दुसरीत गेली. पहिलीचा वर्ग तिनं आतून पाहिला नव्हता.

“मॅडम, आमची शाळा कवा हाये?”

मी म्हटलं, “आधी मोठ्यांची होऊ दे, मग तुमची.”

“मोठ्यांला तं येतंय की वाचाया,” ती म्हणाली.

मी तिला उत्तर दिलं नाही. काय देणार होते? तिचंच बरोबर होतं. आठवीच्या मुलानं निदान पाच-सहा वर्षं शाळा पाहिली होती, त्याचं विसरलेलं परत आणता येतं. हिची सुरुवातच झाली नव्हती. पण राज्यात सगळीकडे वरून खाली असाच क्रम चालला होता, आधी दहावी-बारावी, मग त्याखालचे. मोठी मुलं मास्क लावतात, अंतर पाळतात, हे कारण खरं आहे. बोर्डाची परीक्षा हेही कारण होतं. पहिली-दुसरीला बोर्ड नसतो, म्हणून त्यांच्यासाठी कुणाला घाई नव्हती. आठवड्याभरानं, बरोबर आषाढी एकादशीच्या दिवशी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखांना टीव्हीवर ऐकलं. देशभरात रक्त तपासून केलेल्या पाहणीत ६७.६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती आणि सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्येही. लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा शाळा उघडायच्या झाल्या तर आधी प्राथमिक उघडणं शहाणपणाचं, असं ते म्हणाले. मला गेटपाशी उभी असलेली ती आठवली.

तीन वाजता बैठक. ग्रामपंचायतीचा हॉल लहान, म्हणून सगळे बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. पंचवीस-तीस पालक, बायका एका कडेला उभ्या. खुरपणीचे दिवस होते, तरी बायका आल्या होत्या. ज्यांचा दिवसाचा रोज बुडतो त्या बायका बैठकीला येतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं.

सुरुवातीला सगळं सुरळीत झालं. सरपंचांनी शासन निर्णय वाचला, मी तयारी सांगितली. मग एक पालक उठले. त्यांचा धाकटा भाऊ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला होता, वय छत्तीस. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत दोन दवाखाने फिरले, तिसऱ्याच्या दारात तो गेला. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून ते उठल्याबरोबर शेड गप्प झाली.

“लेकरांला काय होत नाय म्हणत्यात. बरं, नसंल होत,” ते म्हणाले. “पण माझं लेकरू रात्री कुणापाशी निजतंय? माझ्या आईपाशी. तिला एक पोरगा गेल्याचा धक्का अजून पचला नाय. तिला काय झालं तर ठरावावर सही कुणाची? सरकारची का आपली?”

कुणी काही बोललं नाही. मलाही त्यांना खोडून काढायचं नव्हतं. आमच्याच शाळांच्या केंद्रातले एक सर एप्रिलमध्ये गेले होते. घरोघरी सर्वेक्षणाच्या कामावर होते, गळ्यात ऑक्सिमीटर अडकवून फिरायचे. बावन्न वर्षांचे. त्यांच्या मुलीनं मला फोनवर विचारलं होतं, “मॅडम, बाबांची ड्यूटी कुणी लावली होती?” आजाराची भीती काय असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मी उठले. म्हटलं, तुमचं बरोबर आहे, जबाबदारी आपल्यावर टाकलीय आणि आपण घाबरणारच. पण आपली मुलं आज कुठं आहेत ते बघा. परवा वस्तीवर साखरपुडा झाला, दोनशे माणूस, सगळी पोरं वाढायला. सकाळी पिंपळाखाली दहा पोरं एका फोनवर गेम खेळत होती, डोक्याला डोकं लावून. बाजार भरतोय, खुरपायला एका टेम्पोत वीस बायका पोरांसकट जातायत. मुलं एकत्र आहेतच, फक्त शाळेत नाहीत. शाळेत ती मास्क लावून, सहा फुटांवर, उघड्या खिडकीपाशी तीन तास बसतील. आणि आजीला लस मिळाली का ते मी स्वतः बघते.

डॉक्टर तरुण होते, दीड वर्षात त्यांनी झोप पाहिली नव्हती. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, तिसरी लाट लहान मुलांवरच येईल असं सगळे म्हणतात, जिल्ह्याला मुलांचे वॉर्ड तयार होतायत, पण मुलांनाच जास्त धोका आहे असा पुरावा मी कुठं पाहिलेला नाही. मोठ्यांना लस द्या, खोल्या हवेशीर ठेवा, ताप असलेलं मूल घरी ठेवा. शून्य धोका मात्र मी कुणाला लिहून देणार नाही.

बायकांच्या बाजूनं त्या मुलाची आई बोलली. निळा अंगठा जिचा होता, ती. “भरवा शाळा. आता नाय भरली तर आमच्या लेकराला कवा भरायची? आमी काय हितं बसून राहणार हाओत व्हय?”

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. बहुतेक हात वर झाले. भाऊ गेलेल्या त्या पालकांनी हात वर केला नाही, पण ते उठूनही गेले नाहीत. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला घेतला. सूचक, अनुमोदक झाले. तेवढ्यात गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी मला खांबाच्या मागून खुणावलं.

शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, वस्तीवरचे बाबा सकाळी तालुक्याला तपासून आले. अँटिजेन पॉझिटिव्ह.”

वस्ती गावठाणापासून दीड किलोमीटर, पण ग्रामपंचायत तीच. बाबा साठीचे, नुसती कणकण होती म्हणून गेले होते. त्यांचा नातू आमच्या आठवीत. सव्वीस संमतीपत्रांत त्याचंही होतं.

“डॉक्टरांला संध्याकाळी यादी येईलच,” आशाताई म्हणाल्या. “आत्ता ठराव होऊ द्यायचा का? मी नंतर सांगते. त्या घरातलं पोरगं तेवढं पंधरा दिवस घरी ठेवू.” त्यांची स्वतःची मुलगी आठवीतच होती. त्या बाईंनी दीड वर्ष गावातला एकेक रुग्ण अंगावर घेतला होता, महिन्याच्या मानधनासाठी भांडत, पायात तीच चप्पल. त्या काही लपवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पाहिलं होतं की गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली, सातवीतल्या.

टाकीच्या नळातून थेंब पडत होते, आणि आतून ग्रामसेवक ठरावाची ओळ मोठ्यानं वाचत होते, ‘गेल्या एक महिन्यात गावात एकही रुग्ण आढळलेला नसल्याने...’ मी सकाळपासून तेच वाक्य ऐकायला थांबले होते. दोन मिनिटं गप्प राहिले असते तर सह्या झाल्या असत्या आणि गुरुवारी पाच खोल्यांत मुलं बसली असती.

मला त्या क्षणी तो निळा अंगठा दिसत होता. आणि बावन्न वर्षांच्या सरांची मुलगीही. त्या मुलीच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही असं आणखी एक माणूस मला व्हायचं नव्हतं.

मी आत गेले आणि सांगितलं. पेशंटचं नाव घेतलं नाही, वस्ती सांगितली. आणि लगेच हेही म्हटलं, की त्या वस्तीवरची तीन मुलं पंधरा दिवस घरी ठेवू, त्यांच्या घरी मी स्वतः अभ्यास नेऊन देते, बाकीच्या तेवीस मुलांची शाळा गुरुवारी सुरू करू. सकाळच्या त्या पेशंटशी गावठाणातल्या मुलांचा संबंध आलेला नाही.

सरपंच आधी म्हणाले, “वस्ती म्हणजे गाव नव्हं. आपण गावाचा ठराव करतोय.” मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी शासन निर्णयाचा कागद पुन्हा वाचला, मग मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणता ते डॉक्टर म्हणून मला पटतं. पण यात तशी वाट नाही. महिनाभर एकही रुग्ण नको, एवढंच लिहिलंय.”

ग्रामसेवकांनी पेनला टोपण लावलं. आजपासून पुन्हा महिना.

बायका खुरपी घेऊन उठल्या. त्या मुलाची आई माझ्याजवळ थांबली. “मग कवा, मॅडम?” मी म्हटलं, एक महिना. ती बोटांवर मोजायला लागली, “आखाड, श्रावण, गणपती, पितरपाट... अन् मग दसरा.” दसरा म्हणून ती थांबली आणि डोक्यावरचा पदर ओढून निघून गेली. माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

स्कूटीपाशी ते भाऊ गेलेले पालक आले. म्हणाले, “तुमी सांगितलं नसतं तर मी पोराला शाळेत कदीच धाडलं नसतं.” एवढंच बोलून गेले.

वस्तीवरचे बाबा आठ दिवसांत हिंडायला लागले. घरात दुसऱ्या कुणाला झालं नाही, तपासणीत सगळे निगेटिव्ह. गावात बाकी कुणालाही नाही. हे लिहिताना आजही आतून काहीतरी तुटतं. मी खोटं बोलले असते तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं. पण हे मला १३ जुलैला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माझ्या हातात सांगण्याखेरीज काही नव्हतं. मी सांगितलं ते बरोबर केलं, असं मी मानते. चुकीचं होतं ते नियमात. एका म्हाताऱ्या माणसाची कणकण मोजायला त्यात जागा होती. एकतीस मुलांचे चार महिने मोजायला कुठं रकानाच नव्हता. मंत्रालयात बसून दिवाळीनंतर बघू म्हणणं सोपं असतं, शहरातल्या मुलाला दिवाळीनंतरही शाळा असते. आमच्या मुलांची दिवाळी फडात जाते. रुग्ण निघाला तर काय बंद ठेवायचं आणि काय चालू, हे गावच्या डॉक्टरला ठरवू दिलं असतं, तर तेवीस मुलं जुलैत वर्गात आली असती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघांनी ओट्यांवर शिकवायला घेतलं. पाच-पाच मुलं, जिथल्या तिथं. मारुतीच्या पायऱ्या, एकाचा गोठा, एकीच्या घरची पडवी. वरिष्ठांना फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, तुमच्या जबाबदारीवर करा. केलं. तो मुलगा गोठ्याच्या गटात होता. मी त्याला धडा दिला नाही, पहिले पंधरा दिवस फक्त कानामात्रा. तेरा वर्षांच्या, मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला ‘का की कू’ लिहायला सांगणं फार अवघड असतं. त्याची मान खाली जायची. मग मी त्याला म्हटलं, तू लहान गटाला घे, तुझं लिहून त्यांना दाखव. लहान गटात ती शर्टवाली मुलगीही होती. तो तिला अक्षरं काढून द्यायचा आणि त्या निमित्तानं स्वतः गिरवायचा. पण आठवड्यात दोन तास आणि रोजची शाळा यात फार फरक आहे. पावसात गोठ्यात बसता येत नव्हतं, कापूस खुरपायला मोठी पोरं निघून जात होती. महिना भरत आला तसा ऑगस्टमध्ये गावठाणात आणखी एक पेशंट निघाला. त्याच आठवड्यात १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू करायचा आदेश आला आणि राज्याच्या कोरोना कृती दलानं हरकत घेतल्यावर एक-दोन दिवसांत थांबला. आम्ही बाक पुन्हा पुसले होते.

शाळा उघडली ४ ऑक्टोबरला, सोमवारी. पाचवी ते आठवी. गुलाबाची फुलं वाटायचं वरून सांगितलं होतं, आमच्याकडे झेंडू होता, झेंडू वाटला. भाऊ गेलेल्या त्या पालकांचा मुलगा पहिल्या दिवशी, घंटेच्या आधी आला. अंगठेवालीचा मुलगाही आला. दसरा होता १५ तारखेला. रविवार वगळून मला तो दहा दिवस मिळाला. नवव्या दिवशी त्यानं परिपाठाला फळ्यावर दिनविशेष लिहिला. वीस शब्दांत दोन चुका. मी त्या पुसल्या नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री टोळीचा ट्रक गेला.

पहिली ते चौथी १ डिसेंबरला सुरू झाली. तोवर शर्टवालीचं घरही बंद होतं, दाराला कडी आणि कडीत काठी. त्या हंगामात ऊस इतका झाला की मराठवाड्यातले कारखाने जूनपर्यंत चालले. ती परतली ती थेट जून २०२२ मध्ये, आणि तोवर हजेरीपटावर ती तिसरीत गेली होती.

पहिल्या दिवशी घंटा झाली, मुलं आत पळाली, चपलांचा ढीग दाराशी पडला. ती व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिली. मी म्हटलं, ये की आत.

ती म्हणाली, “चपला हितंच काढायच्या का?”